इतिहासातल्या कोणत्या काळात राहायला आवडेल? साल आणि गाव सांगा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
गेले आठ महिने मी मोडी लिपी शिकतेय. कारण घरचंच आहे. वाईच्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना लाल फडक्यात बांधलेल्या चोपड्या निघाल्या. आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं तेलाचं आणि किराण्याचं दुकान होतं, त्याचे हिशेब. त्यातली शके १७७५ ची, म्हणजे १८५३-५४ ची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) सध्या वाचतेय. रोज रात्री एक पान, त्याहून जास्त जमत नाही. पान उलगडलं की घडीतून बारीक काळी वाळू पडते. शाई टिपण्यासाठी टाकलेली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चिमटीने टाकलेली वाळू माझ्या टेबलावर पडते. मी ती झटकत नाही, एका वाटीत जमवतेय.

त्यावरून सुचलेला प्रश्न. तुम्हाला कोणत्या काळात राहायला आवडेल? दोन अटी आहेत. राजा, राणी, सरदार कुणी व्हायचं नाही, आज आहात तसलंच साधं माणूस. आणि 'शिवकाळ', 'पेशवाई' असं ढोबळ उत्तर नको. साल सांगा, गाव सांगा आणि पोचल्यावर पहिल्यांदा काय बघाल ते सांगा.

माझं उत्तर वाई, शके १७७५. साताऱ्याचं राज्य खालसा होऊन चार-पाच वर्षं झालेली, तिकडे बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावलेली, आणि आमच्या चोपडीत मात्र करडईचं तेल, पेंड, गूळ, दिवाळीचा जादा खप. रॉकेल यायच्या आधीचं गाव आहे ते. दिवेलागणीला दुकानाच्या ओट्यावर बसून घाट कसा दिसायचा, ते मला बघायचंय.

भटकंती_जुन्नर
वा ताई, वाळूची वाटी डोळ्यांपुढे आली.
माझं उत्तर ठरलेलं आहे: नाणेघाट, सातवाहनांचा काळ. नेमकं साल कुणालाच सांगता येणार नाही, तेवढी सूट द्या. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक धरा. घाट चढून वर आलं की तो दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणतात तो, त्याच्याशेजारी मला बसायचंय. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल बैलांवर लादून जुन्नरला आणि पुढे पैठण, तेरला जायचा. पश्चिमेकडचं मद्य, काचेच्या वस्तू, तिकडची नाणी. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांचे आकडे त्यात कोरलेत, आणि ते आपल्या आजच्या आकड्यांचे पूर्वज आहेत. मी तीस-चाळीस वेळा गेलो असेन तिथे. पावसाळ्यात ढग घाटातून वर चढतात तेव्हा बैलांच्या घंटा आता ऐकू येतील असं दरवेळी वाटतं.

सदाशिवपेठी
पुणे, १७६८. थोरल्या माधवरावांची कारकीर्द.
पानिपतानंतर सात वर्षांत राज्य पुन्हा उभं राहिलं, ते कसं केलं हे मला डोळ्यांनी बघायचंय. कारकून म्हणून चालेल, उलट कारकूनच. पण पहिल्यांदा बघेन ती कात्रजच्या तलावातून शहरात येणारी नळयोजना. नानासाहेबांच्या काळात झालेली. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा दगडी-विटांचा नळ, ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला उभे झरोके, आणि पेठांमधून हौद. पंप नाही, काही नाही, निव्वळ उतारावर पाणी काळ्या हौदापर्यंत आणि शनिवारवाड्याच्या कारंजांपर्यंत. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. असा उतार कित्येक मैल धरून ठेवणं म्हणजे काय, हे मला विचारा.

टोरांटोकर
भटकंती, जकातनाक्यावर जपून. तुझी ती मोठी सॅक बघून दोन बैलांची जकात लावतील.

भटकंती_जुन्नर
द्यायला माझ्याकडे कार्षापण हवेत ना! चिक्की देईन.

गंगावेस
मुंबई, ८ जुलै १९२१, रात्र. 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग.
बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, एका रंगमंचावर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले. आमच्या घरात ही गोष्ट पणजोबांपासून सांगितली जाते, पण ते काही गेले नव्हते. कोल्हापूरहून मुंबईला जाऊन तिकीट काढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मला फक्त एक ऐकायचंय. मायक्रोफोन नाही, समोर खचाखच भरलेलं थिएटर, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा केशवरावांचा तो तडफदार सूर. ध्वनिमुद्रिकेत जे उरलंय ते तीन-चार मिनिटांचं, कातरलेलं.
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. मी रस्त्यावर उभा होतो. कोल्हापूरची माणसं रडत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्या रात्रीपासून १९२१ मला फार जवळचं वाटायला लागलंय.

बालवैद्य
गंगावेस, तुमचं वाचून जीव हळहळला. केशवराव त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वराने गेले. एकतीस वर्षांचे होते. विषमज्वरावर खरं औषध आलं ते १९४८ मध्ये, क्लोरॅम्फेनिकॉल. आता ओपीडीत विषमज्वराचं पोर आलं की मी चिठ्ठी लिहितो आणि आठवड्याभरात ते खेळायला लागतं.
म्हणूनच माझं उत्तर: मुंबई, जानेवारी १८९७. प्लेगचं शहर. ऐकायला विचित्र वाटेल, पण मला तिथेच जायचंय. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्याशा खोलीत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला स्वतःलाच टोचून घेतली. आधी स्वतःला, मग इतरांना. त्या खोलीत बाटल्या धुवायचं काम मिळालं तरी चालेल. मुंबई सोडून लोक जथ्याजथ्याने चाललेत, आणि एका खोलीत माणूस स्वतःच्या अंगातला ताप मोजत बसलाय. मी रोज लहान मुलांना लशी टोचतो, त्या सगळ्याचं एक मूळ तिथे आहे. दुसरं मूळही मुंबईतच आहे. १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, भारतातली पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुढे इतर मुलांना दिली गेली.

मांडवीतीर
डॉक्टर, प्लेगचं निदान करणाऱ्यालाही विसरू नका. मांडवी बंदराच्या वस्तीत सप्टेंबर १८९६ मध्ये 'हा प्लेगच आहे' हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगश यांनी. आमच्या गोव्याचे, हडफड्याचे. मेट्रो थिएटरसमोर त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्यावरून नजर फिरवून जातात.
माझं साल १९६१, गाव पणजी, तारीख १९ डिसेंबर, गोवा मुक्त झाला तो दिवस. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांना त्या दिवसाचा उजेड आठवतो, आवाज आठवत नाही म्हणतात. मला तो आवाज ऐकायचाय.

पाऊलवाट
सदाशिवपेठी काका, कात्रजच्या नळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचायला आवडलं. कारागिरी मोठीच आहे. पण मी तुमच्या १७६८ च्या पुण्यात गेलो तर त्या हौदाला हात लावता येईल का मला? त्याच शहरात शंभर वर्षांनी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. करावा लागला, म्हणजे बाकीचे बंद होते. उतार मोजणारा माणूस आणि हौदापासून लांब उभा राहिलेला माणूस एकाच शहरात होते. मी दुसरा असतो. साधं माणूस व्हायचं अशी ताईंची अट आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.
माझं उत्तर महाड, २० मार्च १९२७. कोकणातून आणि घाटावरून माणसं चालत आली होती. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं, आणि समोर तळं भरलेलं. नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव कागदावर होता, तरी कुणाची हिंमत झाली नव्हती. पोचल्यावर पहिल्यांदा काय बघाल, असं ताईंनी विचारलंय. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती ओंजळ. मग माझी. नंतर लोकांवर हल्ले झाले, तळं शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केलं गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. हे सगळं माहीत असूनही मी तिथेच जाईन.
ताई, तुम्हाला एक विचारतो. राग नाही, खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्या कीर्दीत दुकानात पाणी भरणाऱ्या माणसाचं नाव आहे का? आणि आमच्या माणसांपैकी कुणाची नोंद?

सदाशिवपेठी
पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. नोकरीत असताना मी त्या नळात तीन वेळा उतरलो, उतार मोजला, भिंतीची जाडी मोजली, लेख लिहिला. हौदावर कुणाला येऊ देत होते हा प्रश्न माझ्या लेखात नाही. पुढच्या वेळी लिहीन तेव्हा तो असेल. १७६८ मात्र मी सोडत नाही. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले, ते काय काय करून गेले हे मला बघायचंच आहे.

पाऊलवाट
सोडू नका काका. तुमचा लेख वाचायला पाठवा.

तंजावूरकर
सर्वांना नमस्कार. आमची मराठी तमिळ वळणाची आहे, लिहिताना पुस्तकी होते, सांभाळून घ्या.
मी सांगते: तंजावूर, १८०६. दुसरे सरफोजी राजे. राज्य इंग्रजांच्या हाती गेलेलं, राजांकडे किल्ला आणि मान तेवढा उरलेला. पण त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि त्या सुमारास इसापनीतीच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' नावाने मराठीत छापल्या. महाराष्ट्रात मराठी छापखाने नीट सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणं ठेवली. सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या गोळा केल्या. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरलं, ते आजही आहे. लहानपणी आजोबा माझं बोट त्या अक्षरांवरून फिरवायचे. मराठी वाचायला मी तशी शिकले, दगडावर.
कृष्णाकाठ, आमच्याकडे सरस्वती महालात मोडी कागदांची बाडंच्या बाडं आहेत. वाचणारी माणसं कमी. तुम्ही शिकताय हे वाचून फार बरं वाटलं.

टोरांटोकर
तंजावूरकर, दगडावर वाचायला शिकलात! माझी मुलगी इथे शनिवारच्या मराठी शाळेत फळ्यावर शिकते आणि कंटाळते. तिला तुमची ही गोष्ट आज रात्री सांगणार.

कृष्णाकाठ
तंजावूरकर, कधीतरी नक्की येईन.
पाऊलवाट, प्रश्न मनात ठेवलाय. पाणी भरणाऱ्याची नोंद पहिल्या साठ पानांत तरी मला दिसली नाही. पण मी वाचताना भाव आणि वजनंच शोधत होते. आता पुन्हा पहिल्या पानापासून, माणसं शोधत वाचते. वेळ लागेल.

शेवंता_बीड
मी इथे फक्त वाचते, पण आजीचं सांगितल्याशिवाय राहवेना. हा धागा मी तिला वाचून दाखवला आणि विचारलं, तुला कुठल्या सालात जायला आवडेल? वय सत्त्याऐंशी. मला वाटलं म्हणेल आत्ताच बरंय, घरात नळ आहे, गॅस आहे. ती म्हणाली, "बहात्तर."
मी म्हटलं, आजी, दुष्काळाचं साल? तुम्ही लाल मिलो ज्वारी खाल्ली, जनावरं विकली, आणि तेच साल?
मग ती जे बोलली ते तसंच लिहितेय. "पाझर तलावाच्या कामाला होते मी. खडी फोडायची, पाट्या टाकायच्या. दुपारी सुकडी. हाताची सालं निघायची. पर पगाराच्या दिवशी मुकादम हजेरीतून नाव पुकारायचा. माझं नाव. कुणाची बायको म्हणून न्हाई, कुणाची सून म्हणून न्हाई. माझं. लग्नाआधीपासून माझं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी पुढं जायचे, अंगठा द्यायचे, पैसं माझ्या हातात. पयल्या पगारात मी काचेच्या बांगड्या भरल्या आणि सासूला लुगडं घेतलं. त्या तलावाला आजून पाणी हाय."
तलावाला खरंच पाणी आहे. मी उन्हाळ्यात जाऊन बघितलंय, एका कोपऱ्यात का होईना, असतं.

बालवैद्य
आजींना माझा नमस्कार सांगा.

गंगावेस
माझाही. "तलावाला आजून पाणी हाय" हे मी वहीत लिहून ठेवलं.

भटकंती_जुन्नर
शेवंता, मी आजपर्यंत नाणेघाटातल्या लेखात राणीचं नाव वाचत आलो. तो दगड फोडून लेणं कुणी कोरलं, ते आता डोक्यातून जात नाही.

मांडवीतीर
थोडं विषयांतर. बाबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, आवाज आठवतो आता. दूरवर स्फोट झाले, आणि मग शेजारची बाई घरातली सगळी भांडी बाहेर आणून वाजवत होती. बासष्ट वर्षांनंतर आठवलं म्हणाले. या धाग्याचे आभार.

कृष्णाकाठ
मंडळी, सात आठवड्यांनी येतेय. धागा वर काढतेय, कारण उत्तर मिळालं.
पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. शंभराव्या पानापर्यंत आले. दोन नोंदी सांगते, आधुनिक मराठीत.
पहिली, आषाढातली: 'खर्च दोन आणे. पाणी भरणार सगुणी, महिन्याबद्दल.' अशीच नोंद श्रावणात आहे, भाद्रपदात आहे. आश्विनात तिच्या नावापुढे 'तेल पावशेर, दिवाळी' आहे. कार्तिकापासून पाणी भरणारीचं नाव बदलतं, सगुणी दिसत नाही. तिचं पुढे काय झालं ते चोपडीत नाही. मी यापूर्वी ही पानं वाचली होती. दोन आणे वाचले होते, सगुणी वाचली नव्हती.
दुसरी, मार्गशीर्षातली: 'बाजरी दीड शेर, वेसकर. सातारियास कागद पोचता केला.' एवढंच. वेसकर म्हणजे गावची वेस राखणारा, महार समाजातला. सगुणीचं नाव आहे, वेसकराचं नाव नाही. पुढच्या पानांतही तीन वेळा वेसकर येतो, तीनही वेळा नुसता 'वेसकर'. पाऊलवाट, तुम्ही विचारलंत म्हणून जसं आहे तसं सांगतेय. लिहिणारा माझ्या घरातला होता आणि त्याने नाव लिहिलं नाही.
माझं साल तेच, गाव तेच. ओट्यावर मात्र बसणार नाही. आषाढात जाईन आणि पहाटे घाटावर सगुणीला गाठेन.

पाऊलवाट
ताई, मनापासून आभार. दोनदा वाचलं, मग घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.
नाव नाही, पण वाट आहे. वाई ते सातारा. आजच्या हिशेबाने पस्तीस किलोमीटरच्या आसपास. कागद घेऊन तो गेला, परत आला आणि दीड शेर बाजरी मिळाली. मार्गशीर्षात म्हणजे थंडीचे दिवस. ही वाट मी येत्या मार्गशीर्षात चालणार. एका दिवसात, त्याच्यासारखी.

भटकंती_जुन्नर
मी येतो. पहाटे चारला निघू म्हणजे उजेडात साताऱ्यात पोचू. भुईंज, पाचवडवरून खाली उतरलं की पुढे लिंब. तिथली बारा मोटेची विहीर तुम्ही पाहिली नसेल तर पाहा, १७२० च्या आसपासची आहे, आत दगडी महालच बांधलाय. दुपारचा विसावा तिथे.

पाऊलवाट
चालेल. वाटेत त्याला पाणी कुठे मिळालं असेल, तेही बघत जाऊ. विहिरीवर नसणार. ओढे कुठे कुठे लागतात ते नकाशावर काढून ठेवतो.

सदाशिवपेठी
माझे गुडघे पस्तीस किलोमीटर चालू देणार नाहीत. जुने ओढे मात्र माझ्याकडच्या नकाशांवर आहेत. पाऊलवाट, रविवारी घरी या, दोघं मिळून उतरवून काढू.

शेवंता_बीड
आजी विचारतेय, त्याची बाजरी कशात बांधून देणार?

कृष्णाकाठ
शेवंता, आजींना सांगा, धोतराच्या फडक्यात. दीड शेर मोजून आणते, भाकरी वाईत माझ्या घरी करू आणि बरोबर घेऊ. मीही येतेय चालायला. त्या पानाची नक्कल काढून आणेन, साताऱ्यात पोचती करू.